पिशवी काढली, मग पोट का दुखते?



या पानावर आम्ही दर अंकाला बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडव्याची निगा याविषयी चार शब्द लिहितो. या वेळी ऊस थोडा बाजूला ठेवणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. शेतकी पदविका घेऊन गेली वीस-बावीस वर्षे उसाच्या सऱ्यांतून हिंडणारी आम्ही नोकरदार माणसे. तरीही माणसाच्या पोटाविषयी लिहिण्याचे धाडस करतो, याला कारण गेल्या हंगामात आमच्या हातून घडलेली एक चूक. ती आधी सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. गट ऑफिसात तोडीच्या यादीवरून नेहमीची गर्दी होती. एक मावशी आल्या. नाव लिहीत नाही. हकीकत लिहायला त्यांनी परवानगी दिली, पण "नाव नको बाबा" म्हणाल्या. मालक वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झालेला, दोन एकर आडसाली, आणि तोडीची पाळी चार दिवसांवर आलेली. मावशी म्हणाल्या, "साहेब, पोटात परत तसंच दुखाय लागलंय. बरगडीखाली धरतंय ते पार पाठीत जातंय. पण पित्ताची पिशवी तर दोन वर्सांमागंच काढलीया. मग आता काय दुखतंय?"

आम्ही यादीवरून मान वर न करताच बोलून गेलो, "पिशवीच नाही म्हटल्यावर खडे कुठले, मावशी? पित्त झालं असेल. आता तोड आटपून घ्या, मग सावकाश दाखवा. टोळी एकदा पुढे गेली की पंधरा दिवस मागे येत नाही."

मावशींनी ऐकले. शेती खात्याच्या माणसाचे शब्द सभासद सहसा खाली पडू देत नाहीत. उसाच्या बाबतीत हा विश्वास आम्हांला अभिमानाचा वाटतो. पोटाच्या बाबतीत तो आमच्यावर ठेवायला नको होता, आणि आम्ही तो घ्यायला नको होता.

तोड झाली. दुखणे मधूनमधून येतच होते. जेवल्यावर तास-दोन तास कळ यायची, मग आठ दिवस काही नाही. गावातल्या दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन घेतले की थांबायचे. महिनाअखेरीस डोळे पिवळे दिसू लागले. लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. मुलाने शेजारच्या गावी नेऊन तीन वेळा कावीळ उतरवून आणली. त्यात दहा दिवस गेले. अकराव्या रात्री दातखीळ बसेल अशी थंडी वाजून ताप भरला आणि मावशी बरळू लागल्या. पहाटे उसाच्या रिकाम्या ट्रकमधून त्यांना जिल्ह्याच्या गावी नेले. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि मागे साचलेल्या पित्तात पू झाला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला. अकरा दिवस दवाखान्यात काढून मावशी वाचल्या. डॉक्टरांनी मुलाला एकच सांगितले, "अजून एक दिवस उशीर केला असता तर आमच्याही हातात काही राहिले नसते."

हे आम्हांला कळले तेव्हा जानेवारीतले आमचे ते वाक्य आठवले, आणि त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून या विषयावर जे वाचता आले ते वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, आणि गटात फिरताना चौकशी केली. चौकशीत दिसले ते असे की पिशवीचे ऑपरेशन झालेल्या आणि पुन्हा पोट धरून बसलेल्या मावशी एकट्याच नाहीत. घरोघरी कोणीतरी आहे. त्यात बायामाणसे जास्त, कारण पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक होतात. आणि बायामाणसे दुखणे सांगत नाहीत, हे काय वेगळे सांगायला हवे?

सभासदांपुढे आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पिशवी काढली म्हणजे पोटाचे दुखणे कायमचे मिटले असे धरून बसू नये. पुन्हा दुखले तर "आता काय असणार" म्हणून अंगावरही काढू नये. ते दुखणे कशाचे आहे याचा शोध घ्यावा. कारण सापडल्याशिवाय त्यावर ना इंजेक्शन, ना झाडपाला, ना दुसरे ऑपरेशन.

हे पटण्यासाठी पिशवीचे काम काय ते आधी पाहू. आपल्या भाषेत सांगायचे तर पिशवी म्हणजे विहीर नव्हे, साठवणीचा हौद आहे. विहीर म्हणजे यकृत. ते दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पिशवीत मावते ते तीस ते पन्नास मिलिलिटर, तेही आटवून घट्ट केलेले. तेलकट-तुपकट खाल्ले की पिशवी आकसते आणि पित्त नळीवाटे लहान आतड्यात सोडते. पिशवी काढली तर हौद जातो. विहीर राहते, पाटही राहतो. पित्त मग साठून न राहता थेट आतड्यात झिरपत राहते, आणि बहुतेकांचे त्यावाचून काही अडत नाही. पण पाटात आधीच एखादा दगड जाऊन बसला असेल, तर हौद पाडून तो कसा निघेल?

ऑपरेशन वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बर्लिनचे सर्जन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताची पिशवी काढली. तो रोगी सोळा वर्षे या दुखण्याने पिडलेला होता. पिशवीत खडे आहेत एवढ्यासाठी नव्हे, तर पिशवीच खडे तयार करते म्हणून ती काढावी, असा त्यांचा विचार होता. आपल्याकडे दुर्बिणीने हे ऑपरेशन करण्याची सुरुवात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज चार लहान छिद्रांतून पिशवी निघते आणि माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. खड्यांनी खरोखर दुखत असेल तर हेच योग्य औषध आहे, आणि बहुसंख्य लोकांना त्याने आराम पडतो. मात्र सर्वांना नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत आकडे कमी-जास्त येतात, पण शंभरातील दहा-पंधरा जणांना तरी ऑपरेशननंतर पोटाची तक्रार राहते किंवा नव्याने सुरू होते, असे साधारणपणे मानले जाते. आपल्या गटात ऑपरेशन झालेली किती माणसे आहेत ते मोजा, म्हणजे हा आकडा लहान नाही हे कळेल.

आता कारणे पाहू. ती एक नाहीत, अनेक आहेत, आणि सगळी घोटाळ्याची गोष्ट इथेच आहे. ऊस पिवळा पडला तर आपण काय करतो? नत्र कमी पडले असेल, केवडा असेल, पाणी साचले असेल, जमीन चोपण असेल, नाहीतर बुडात हुमणी असेल. पाच कारणांना पाच उपाय. पिवळा दिसला की युरिया फेकणाऱ्या सभासदाला आम्ही बांधावर उभे राहून बोल लावतो. मग स्वतःच्या पोटाला एकच गोळी कशी चालेल?

पहिले कारण मावशींचे. पित्ताच्या नळीत खडा असणे. हुमणी लागलेल्या प्लॉटचा ऊस तोडून नेला म्हणजे हुमणी गेली असे होत नाही. ती जमिनीतच असते आणि खोडव्यात पुन्हा डोके वर काढते. तसेच पिशवीतला एखादा खडा ऑपरेशनआधीच नळीत उतरलेला असू शकतो. ढोबळमानाने दोन वर्षांच्या आत सापडला तर तो मागे राहिलेला, त्यानंतर सापडला तर नळीतच नवा तयार झालेला, असे डॉक्टर धरतात. काही वेळा पिशवी फार चिकटलेली असल्याने तिचा थोडा भाग मुद्दाम ठेवावा लागतो. त्या उरलेल्या भागातही पुन्हा खडे होऊ शकतात.

दुसरे कारण नळीचे आकुंचन. ऑपरेशनच्या वेळी नळीला इजा झाली असेल तर ती पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनीही आवळत जाते. हे क्वचित घडते, पण घडले तर गंभीर असते.

तिसरे कारण नळीच्या तोंडावरचा स्नायू. इटलीतील रुग्गेरो ओडी यांनी विद्यार्थिदशेतच १८८७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला ओडीचा स्नायू म्हणतात. पाटाच्या तोंडाला फळी असते तसा तो. हा स्नायू अवेळी आवळून राहिला तर खडा नसतानाही तशीच कळ येऊ शकते. अफूच्या जातीची काही कडक वेदनाशामके हा स्नायू आणखी आवळतात, म्हणून मनाने औषध घेणे इथे उलटे पडते.

चौथे कारण असे की दुखणे पहिल्यापासून पिशवीचे नव्हतेच. पुष्कळ लोकांच्या पिशवीत खडे असतात आणि ते जन्मभर काही त्रास देत नाहीत. पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली, खडे दिसले, पिशवी काढली. पण दुखत होते ते जठरातल्या व्रणाने, आम्लपित्ताने, आतड्याच्या तक्रारीने किंवा मुतखड्याने. मग ऑपरेशननंतरही दुखणे तेच. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बेंबीच्या वरचे दुखणे कधीकधी हृदयाचे असते. घाम फुटला, दम लागला, छाती भरून आली, त्यातून माणूस वयस्क किंवा मधुमेही असला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये.

याखेरीज काहींना पित्त सतत आतड्यात उतरत राहिल्याने पातळ जुलाब होतात. त्यावर औषध आहे, पण सांगितले तर ना! काहींना छिद्राच्या जागी, बहुधा बेंबीजवळ, हर्निया होतो. उसाची मोळी किंवा खताचे पोते उचलताना तिथे फुगा येतो आणि दुखते.

आता तपासणीविषयी. "सोनोग्राफी केली, काही निघालं नाही" असे सांगणारे बरेच भेटले. सोनोग्राफीत पिशवीतले खडे चांगले दिसतात, पण नळीचा खालचा भाग आतड्यातल्या वायूमुळे झाकला जातो आणि तिथला खडा पुष्कळदा निसटतो. म्हणून सोनोग्राफी साफ आली तेवढ्यावर विषय संपत नाही. यकृताची रक्ततपासणी करावी लागते, आणि ती कळ आल्यावर लवकरात लवकर केली तर जास्त बोलते. आठ दिवसांनी गेलात तर वाढलेला आकडा उतरलेला असू शकतो. पाणी ओसरल्यावर पूर पाहायला जाण्यासारखे ते होते. संशय राहिला तर एमआरसीपी नावाचा नळीचा फोटो काढतात. त्यात चिरफाड नाही. खडा नक्की झाला तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात.

इथे दुसऱ्या बाजूचाही इशारा द्यायला हवा. काही माणसे अंगावर काढतात, तर काही घाईला येतात. "दुर्बीण घालाच, तोंड मोकळं कराच" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. ईआरसीपीनंतर शंभरात तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती कधी जिवावर बेतते. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. पिशवी काढलेल्या, पोट दुखणाऱ्या, पण तपासणीत फारसे काही न सापडलेल्या २१४ जणांपैकी काहींचा ओडीचा स्नायू कापला आणि काहींचा नुसता कापल्यासारखे केले. कापलेल्यांपैकी शंभरी २३ जणांना बरे वाटले, न कापलेल्यांपैकी ३७ जणांना. म्हणजे कारण नक्की नसताना चाकू चालवून फायदा झाला नाही. माती तपासल्याशिवाय खत नको, हे आम्ही तुम्हांला उगीच सांगत नाही. पोटालाही तोच न्याय.

आणि तपासण्या सगळ्या साफ आल्या, तरी "मनाचं आहे" म्हणून माणसाला, त्यातही घरच्या सुनेला किंवा सासूला, वाटेला लावू नये. फोटोत दिसले नाही म्हणजे दुखत नाही असे नव्हे. आहार, औषध आणि धीर यांनी अशा पुष्कळ लोकांचे दुखणे आटोक्यात येते, पण त्यासाठी आधी घरच्यांनी ते खरे मानावे लागते.

सभासदांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, ही विनंती.

१. पिशवी काढलेल्या माणसाचे पोट दुखून डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा शौचाला पांढुरकी होऊ लागली, तर कावीळ उतरवायला नेऊ नये. नळी बुंधलेली कावीळ माळेने किंवा नाकात रस पिळून उतरत नाही. त्यात दिवस मात्र जातात.

२. त्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री, मिळेल त्या वाहनाने मोठ्या दवाखान्यात न्यावे. कळ पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तरीही तसेच करावे.

३. ऑपरेशनचे कार्ड, सोनोग्राफी आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल सातबाऱ्याइतकाच जपून ठेवावा. पिशवी तपासणीला पाठवली होती का, हे विचारून अहवाल मागून घ्यावा. क्वचित त्यातच कर्करोग सापडतो. वेळेवर कळले तर पुढचे उपचार होतात, आणि अहवाल कोणी आणलाच नाही तर कळतच नाही.

४. दुखणे कधी आले, किती वेळ राहिले, आधी काय खाल्ले, हे मुलांकडून वहीत लिहून ठेवावे. पाळीपत्रक लिहितो तसे. डॉक्टरांना निम्मे उत्तर त्यातच सापडते.

५. दुखले की इंजेक्शन, हा रिवाज मोडावा. वेदनाशामके वरचेवर घेतल्याने जठराला व्रण पडतो आणि मूत्रपिंड खराब होते. आणि खरे दुखणे झाकले जाते, हे सर्वांत वाईट.

हे झाले सभासदांना. आता थोडे आपल्या कारखान्याला, म्हणजे आमच्या खात्यालाही सांगितले पाहिजे. माणसे दवाखान्यात का जात नाहीत? पैसा हे एक कारण आहेच. पण हंगामात याहून मोठे कारण म्हणजे तोडीची भीती. चिठ्ठी आली आणि घरचे माणूस हजर नसले तर पाळी जाईल, ऊस वाळेल, वजन घटेल, खोडव्याला उशीर होईल. ही भीती खोटी नाही. ती आम्हीच घातलेली आहे. सबब आमची सूचना अशी की, सभासद किंवा त्याच्या घरचे माणूस दवाखान्यात असल्याची डॉक्टरची चिठ्ठी आणली, तर त्याची पाळी त्याच गटात मागेपुढे करून मिळावी, आणि तोडीच्या दिवशी आमच्या माणसाने त्याच्या जागी फडात उभे राहावे. यात लबाडी होईल, कोणीही चिठ्ठी आणील, असे काही सहकारी म्हणतात. होईल थोडी. लबाडीने एखादी पाळी चुकेल. भीतीने माणूस चुकतो. यांतले कोणते नुकसान कारखान्याने सोसायचे, ते सभासदांनीच ठरवावे. वार्षिक सभेपूर्वी ही सूचना आम्ही लेखी देणार आहोत. पटत असेल तर सभेत हात वर करावा, पटत नसेल तर तेथेच बोलावे.

मावशींचा खोडवा या वर्षी चांगला फुटला आहे. परवा बांधावर भेटल्या. आम्ही झाल्या गोष्टीची माफी मागितली, तर हसून म्हणाल्या, "तुम्ही काय डॉक्टर हाय व्हय, साहेब? तुमाला काय ठावं असणार?"

खरे आहे. आम्ही डॉक्टर नव्हतो. म्हणूनच त्या दिवशी उत्तर देण्याऐवजी कारखान्याची जीप काढून द्यायला हवी होती.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी